मूल बेसूर नसतं, पट्टी चुकलेली असते

जून उजाडला की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिले पंधरा दिवस गणवेश, रिक्षावाल्याचे वाढलेले पैसे आणि वह्यांची कव्हरं एवढाच विषय असतो. यंदा मधेच एकीचा मेसेज पडला : 'संगीत पण कंपल्सरी झालंय म्हणे. आमच्या पोराचा आवाज म्हणजे एसटीचा हॉर्न. नापास करतील का?' त्यावर हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली, दोघांनी पेटीच्या क्लासचे नंबर टाकले, आणि एका आजोबांनी 'आमच्या वेळी असली थेरं नव्हती' असं लिहून विषय मिटवून टाकला.

माझ्या डोक्यातून मात्र तो गेला नाही. पोराचा आवाज एसटीचा हॉर्न आहे हे कुणी ठरवलं, आणि ठरवताना त्याला कुठल्या पट्टीत गायला लावलं होतं? मला यात थोडा स्वतःचाही राग आहे. चौथीत गॅदरिंगच्या समूहगीतात मला मागच्या रांगेत ढकलून 'तू नुसते ओठ हलव' असं सांगण्यात आलं होतं. त्यानंतर कित्येक वर्षं मी गणपतीच्या आरतीलासुद्धा ओठच हलवत आलो. पट्टी या प्रकाराची समज मला फार उशिरा आली. ती आली तेव्हा कळलं, की प्राथमिक वर्गातल्या संगीताचे निम्मे घोटाळे या एकाच गोष्टीत आहेत.

नापास होणार का?

आधी हे उरकून टाकू. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 साली आलं, त्यावर आधारलेला शालेय अभ्यासक्रमाचा राष्ट्रीय आराखडा 2023 साली आला. त्यात चित्र, गाणं, नाच, नाटक या कलांना भाषा-गणिताच्या रांगेत बसवलंय. 'वेळ उरला तर' या खात्यातून बाहेर काढलंय. महाराष्ट्रात 2025-26पासून पहिलीपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्यानं नवा अभ्यासक्रम येतोय. बातम्यांत 'संगीत सक्तीचं' असं जे आलं, ते यावरून.

पण कला हा विषय आपल्या शाळांत आधीपासून होताच. तिसरी-चौथीच्या दप्तरात बालभारतीचं 'खेळू, करू, शिकू' हे पुस्तक असतं, त्यात कला आणि गाणंही आहे. या विषयाला लेखी पेपर नसतो. शिक्षक वर्षभर मुलाकडे बघून नोंदी करतात आणि त्यावरून श्रेणी देतात. याला आकारिक मूल्यमापन म्हणतात. मूल किती गोड गातं याला त्यात फारसा अर्थ नाही. भाग घेतं का, ऐकतं का, मागच्यापेक्षा पुढं सरकलं का, हे बघायचं असतं. तेव्हा एसटीच्या हॉर्नची आई निर्धास्त राहू शकते.

खरी अडचण दुसरीकडे आहे. शिक्षणहक्क कायद्यात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, मुलं शंभराच्या वर असतील तर, कलेला अर्धवेळ निदेशक देण्याची सोय आहे. पहिली ते पाचवीला तशी सोय नाही. म्हणजे जी बाई सकाळी हातच्याची वजाबाकी शिकवते, तिनंच दुपारी गाणंही शिकवायचं. आणि ती म्हणते, 'मला कुठं गाता येतं?'

पट्टी म्हणजे नेमकं काय

कपडे वाळत घालायची दोरी सैल असली आणि तिला टिचकी मारली तर ढब्ब असा आवाज येतो. तीच दोरी ताणली की आवाज बारीक आणि वर जातो. आखूड केली तर आणखी वर. आखूड, ताणलेली वस्तू जास्त वेगानं थरथरते, आणि जितकी जास्त थरथर तितका सूर उंच. गळ्यातही अशाच दोन दोऱ्या आहेत, स्वरतंतू नावाच्या. बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला साधारण शंभर ते एकशेतीस वेळा थरथरतात, बाईचे दोनशेच्या जरा पुढं-मागं, आणि सहा-सात वर्षांच्या मुलाचे अडीचशे ते तीनशे वेळा. मुलाचे स्वरतंतू पुरुषाच्या निम्म्या लांबीच्या आसपास असतात, आणि यात मुलगा आणि मुलगी असा फरकही या वयात जवळजवळ नसतो.

आता गाणं. गाणं म्हणजे सुरांची शिडी समजा. शिडीच्या पायऱ्यांमधलं अंतर ठरलेलं, पण शिडी कुठं टेकवायची हे आपल्या हातात. जिथं टेकवली ती जागा म्हणजे 'सा', आणि त्या जागेलाच पट्टी म्हणायचं. पेटीवर तिला पांढरी एक, काळी चार अशी नावं असतात. पुरुष बहुधा काळी एक, काळी दोनच्या आसपास शिडी टेकवतात. बायका काळी चार किंवा पाच. हे ज्याच्या त्याच्या गळ्याला सोयीचं.

पहिली-दुसरीच्या मुलाला सोयीचे सूर फार थोडे असतात. पेटीच्या मधल्या सप्तकात (म्हणजे सात-सात सुरांच्या गटांतल्या मधल्या गटात) पांढरी दोनपासून पांढरी सहापर्यंत, म्हणजे सा ते प एवढे पाच सूर ते आरामात गातं. हलक्या आवाजात, सवयीनं, आणखी वर जातं. खाली मात्र त्याला जागाच नाही. बाईंनी आपली काळी चार धरून सुरुवात केली की शिडी पाच-सहा पट्ट्या खाली टेकते. मुलाच्या दृष्टीनं पहिल्या तीन पायऱ्या जमिनीखाली गेलेल्या असतात. तो काय करणार? तो गुरगुरतो. गुरगुरलं की बाई म्हणतात, 'आवाज येत नाही, जोरात!' मग ते ओरडतं. आणि आपण शेरा मारतो : बेसूर.

बाईंनी आपला मध्यम किंवा पंचम, म्हणजे आपल्या शिडीची चौथी किंवा पाचवी पायरी, हाच मुलांचा सा धरला, तर हा गोंधळ बराचसा मिटतो. एवढी साधी गोष्ट आहे, आणि डीएडच्या दोन वर्षांत ती मला भेटलेल्या एकाही शिक्षकाला कुणी सांगितलेली नव्हती.

राष्ट्रगीताचंच बघा. 52 सेकंदांत पूर्ण होणारं हे गीत सा पासून सुरू होतं आणि शेवटी 'जय हे, जय हे'ची रांग सुरू होते तिथं वरच्या सा पर्यंत चढतं. परिपाठाला ज्या मुलानं सुरुवात केली त्याची पट्टी तीच सगळ्या शाळेची पट्टी. उंच सुरू झालं तर 'जय हे'ला चारशे मुलं किंचाळतात, सर खाली सुरू करतात तेव्हा पहिलीची रांग सुरुवातीला पुटपुटत राहते. मैदानाबाहेर उभं राहून ऐकलं तर आज कुणी सुरुवात केली ते ओळखता येतं. मधल्या सप्तकातली पांढरी एक धरली तर दोन्ही टोकं निभतात.

एक भुंगा

सोलापुरात अशोक चौकाकडच्या एका शाळेत ओळखीच्या बाई दुसरीच्या वर्गावर आहेत. त्यांच्या वर्गात मी एक दुपार मागं बसलो होतो. खिडकीतून यंत्रमागाची खटखट सारखी आत येत होती. पूर्व भागात ती कुणाच्या कानावर पडतच नाही इतकी रोजची. बाईंनी फोनवर तानपुरा लावला आणि फोन डब्याच्या रिकाम्या स्टीलच्या झाकणात उभा केला. आवाज मोठा होतो, म्हणाल्या. अडतीस मुलांनी 'आ' लावला. त्यात एक आवाज सगळ्यांच्या खाली, जाड, एका जागी अडकलेला.

'बाई, ह्यो बगा की, भुंग्यावानी करलालाय!' शेजारच्यानं लगेच तक्रार केली. वर्ग हसला. भुंग्यानं तोंड मिटून घेतलं.

बाई त्याच्या बाकाशी गेल्या. 'गा' म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, 'तुझ्या पप्पांची रिक्षा आहे ना? चढावर कशी आवाज काढते?' हे त्याला पक्कं ठाऊक होतं. खालून सुरू करून त्यानं 'उंऽऽऽ' असा आवाज थेट वर नेला. त्या चढावर आपला सा कुठंतरी लागून गेला होता. 'परत एकदा,' बाई म्हणाल्या. तिसऱ्या खेपेला मधेच हात वर करून : 'थांब! आता इथंच गाडी उभी कर.' तो थांबला तो सूर फोनच्या तानपुऱ्यापेक्षा जरासा खालीच होता. बाईंनी फोन उचलला, तानपुऱ्याची पट्टी दोन घरं खाली घेतली, आणि वर्गाला सांगितलं, 'आता सगळ्यांनी याच्यात मिळवा.'

अडतीस मुलं भुंग्याच्या सुरात मिळाली. त्याचे कान लाल झाले होते. बाईंनी यात उलटं काय केलं ते बघा. नेहमी मुलानं बाईंचा सूर शोधायचा असतो. इथं बाईंनी मुलाचा सूर शोधला, त्यात स्वतः मिळाल्या आणि मग हळूहळू त्याला बरोबर घेऊन सरकल्या. सुरात मिळणं म्हणजे काय, अंगाला कसं जाणवतं, हे ज्याला कधी कळलंच नाही, त्याला ते आधी एकदा कळावं लागतं.

जादू वगैरे काही नव्हतं. 'उद्या परत भुंगा,' बाई मला बाहेर आल्यावर म्हणाल्या. 'महिना-दीड महिना जातो. काहींचं तर वर्ष.' खरोखरच सुरांतला फरक ऐकू न येणारी माणसं असतात, पण ती फारच थोडी. बाकीच्यांचा कान चांगला असतो, गळा हवा तिथं नेता येत नसतो. चेंडू दिसतोय पण झेल सुटतोय, तसं. झेल सुटणाऱ्या पोराला आपण 'तू नुसते हात हलव' असं म्हणत नाही.

आधी ताणा, मग बाणा

सुराबद्दल एवढं बोललो, पण वर्गात सुरुवात लयीपासून करावी. सोलापुरात हे समजावायला फार लांब जायला नको. मागावर आधी उभे धागे ताणून बसवतात, तो ताणा. तो समान ताणलेला असेल तरच धोटा इकडून तिकडं पळतो आणि आडवा धागा, बाणा, नीट बसतो. गाण्यात लय म्हणजे ताणा. टाळी समान अंतरावर पडत असेल तर सूर थोडे वाकडे गेले तरी गाणं उभं राहतं. ताणाच सैल असला तर कितीही गोड सूर घाला, चादर काही होत नाही.

त्या दुपारी बाईंनी फळ्यावर चार खुणा केल्या आणि जेवण वाढलं. 'भात' म्हणजे एक टाळी. 'चटणी' म्हणजे तेवढ्याच वेळात दोन झटपट टाळ्या : चट-णी. मग फळ्यावर : भात, भात, चटणी, भात. अडतीस मुलांनी वाजवलं. मग : चटणी, चटणी, भात, गप्प. 'गप्प'ला ओठांवर बोट. चौथ्या जागी टाळी न वाजवता थांबणं मुलांना सगळ्यात अवघड गेलं. पाच-सहा जणांची टाळी पडलीच, आणि त्यांच्याकडे बाकीच्यांनी असं बघितलं की जणू त्यांनी काच फोडली. रिकामी जागाही मोजायची असते, हे त्या बोटातून कळतं. तालात टाळी न देता मोजायच्या जागेला 'खाली' म्हणतात, तो शब्द पुढं शिकतील तेव्हा शिकतील.

यात एक गंमत आहे, ती मला आवडली म्हणून सांगतो. 'चटणी' लिहायला तीन अक्षरं, पण टाळ्या दोनच. मुलं हे कानानं बरोबर पकडतात आणि नंतर लिहिताना अडखळतात. शब्दाचे बोललेले तुकडे वेगळे ऐकू येणं हा वाचनाचाही पाया आहे, तेव्हा हा खेळ भाषेच्या तासालाही चालतो. आणि सोलापूर आहे म्हटल्यावर त्यात आणखी एक वळण येतं. वर्गातल्या बसवराजच्या नावाला मुलांनी तीन टाळ्या दिल्या : ब-सव-राज. त्याची आजी घरी कानडीत हाक मारते तेव्हा त्याच्या पाच होतात : ब-स-व-रा-ज. त्यानं उभं राहून ते वाजवून दाखवलं. बाईंनी दोन्ही बरोबर दिले.

सा रे ग म चा तक्ता कधी लावायचा?

बऱ्याच शाळांत संगीत म्हणजे भिंतीवर सात स्वरांचा तक्ता आणि पहिल्या दिवसापासून 'सा रे ग म' घोकणं. मूल बोलायला लागायच्या आधी त्याला मुळाक्षरं गिरवायला लावण्यासारखं हे झालं. आधी ऐकणं, मग म्हणणं, मग ओळखणं, आणि नाव सगळ्यात शेवटी. हंगेरीत झोल्तान कोडाय या संगीतकारानं शाळेतल्या संगीताची अख्खी पद्धत याच क्रमावर उभी केली. 1950 साली केच्केमेत या त्याच्या जन्मगावी रोज गाणं शिकवणारी प्राथमिक शाळा सुरू झाली. त्याचा आग्रह असा, की वाद्याआधी गळा, आणि सुरुवात मुलाच्या स्वतःच्या भाषेतल्या लोकगीतांनी.

पहिले दोन सूर कुठले घ्यायचे हे शोधायला पुस्तक लागत नाही. संध्याकाळी गल्लीत उभे राहा. खालून पोरगं गच्चीकडे तोंड करून 'आऽ-ईऽऽ' अशी हाक मारतं. पहिला सूर वर, दुसरा जरा खाली. बऱ्याचदा ते अंतर प आणि ग मधलं असतं. एकमेकांना चिडवण्याच्या चालीही याच दोन-तीन सुरांत घुटमळतात. तर हजेरी तशीच घ्या. बाईंनी नाव या दोन सुरांत म्हणायचं, मुलानं 'हजर' त्याच दोन सुरांत परत करायचं. हजेरी तर घ्यायचीच असते, वेगळा वेळ जात नाही. आणि प्रत्येक मूल रोज एकदा एकटं, न घाबरता, दोन सूर गातं. अमुक मूल सुरात आहे की नाही हे बाईंनाही आपोआप कळत जातं, नोंदवहीत लिहायला.

'पण मला स्वतःला गाता येत नाही'

हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकू नये. पहिली-दुसरीला मैफल करायची नसते, पाच सूर समान लयीत म्हणायचे असतात. ज्या बाईंना अंगाई म्हणता येते त्यांना हे येतं. ज्यांना तेही नको वाटतं त्यांनी लय, टाळ्या, ऐकण्याचे खेळ एवढं घ्यावं आणि सुरासाठी वर्गातल्याच दोन-तीन पक्क्या मुलांना पुढं करावं. मुलाला मुलाचा सूर पकडणं सोपं जातं.

सरांची अडचण जरा निराळी. पुरुषाचा आवाज मुलांच्या अख्खं एक सप्तक खाली असतो. सप्तक खाली म्हणजे थरथर बरोबर निम्मी. सूर तोच, पण घर एक मजला खाली. बहुतेक मुलं आपोआप वरच्या मजल्यावर गातात. काही मात्र इमानदारीनं सरांच्या मजल्यावर उतरायला बघतात आणि भुंगा होतात. सरांनी पेटीचा मधल्या सप्तकातला सूर द्यावा, नाहीतर एखाद्या मुलीला सुरुवात करायला सांगावी.

आणि दोघांसाठी एक विनंती : 'जोरात म्हणा' हे वाक्य वर्गातून काढून टाका. ओरडून गायलं की आवाज जड होतो, वर चढत नाही, आणि सतत ओरडणाऱ्या मुलांच्या स्वरतंतूंवर गाठी येतात हे कान-नाक-घशाचे डॉक्टर नेहमी बघतात. 'बाळ झोपलंय, त्याला उठवायचं नाही,' असं सांगून बघा. आवाज लगेच पातळ होतो आणि दोन सूर वर जातो.

चाळीस पोरांना एकदम गाणं शिकवतात का कुठं?

गाणं गुरूसमोर बसून, एकट्यानं शिकायचं असतं, बाकी सगळं नाटक, असं एका क्लासवाल्या गृहस्थांनी मला ऐकवलं. रागदारी गवई घडवायचा तर ते ठीकच. पण वर्ग भरवून गाणं शिकवणं ही काही काल-परवाची टूम नव्हे. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं मौलाबक्षांनी 1886 साली गायनशाळा सुरू केली. विष्णू दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. दोघांनीही वर्गात शिकवता यावं म्हणून स्वरलिपी तयार केल्या.

आणि पंढरपूर याच जिल्ह्यात असताना हा प्रश्न पडावा याचं मला नवल वाटतं. आषाढीला वाखरीच्या वाटेवर उभे राहा. टाळ हातात घेतलेल्या शेकडो माणसांतल्या कुणी गुरूचा गंडा बांधलेला नसतो. लहान पोर बापाच्या शेजारी चालता चालता टाळ उचलतं, पहिले दोन दिवस चुकवतं, कुणी रागावत नाही.

स्पीकर लावला की झालं ना?

नाही झालं. बाजारात मिळणारी बालगीतं बरीचशी मोठ्या माणसांनी त्यांच्या पट्टीत, वाद्यांच्या गर्दीत, भरधाव गायलेली असतात. मुलं त्यात नाचतात, ते चांगलंच आहे, पण आपला सूर त्यांना ऐकूच येत नाही. सूर दुरुस्त होतो तो स्वतःचा आवाज ऐकून. शिवाय स्पीकर थांबून वाट बघत नाही, अडखळलेल्याला परत घेऊन जात नाही. फोन वापरायचाच तर तानपुऱ्यासाठी वापरा. फुकट मिळतो. त्यात पेटीच्या पट्ट्यांऐवजी इंग्रजी अक्षरं असतात. सी म्हणजे पांढरी एक, डी म्हणजे पांढरी दोन, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

यानं गणित सुधारतं का?

पालकसभेत हा प्रश्न हमखास येतो, आणि शाळाही उत्साहात 'हो, मेंदूचा विकास होतो' असं ठोकून देतात. या कथेचं मूळ 1993 सालच्या एका प्रयोगात आहे. अमेरिकेत कॉलेजच्या 36 विद्यार्थ्यांना मोझार्टची एक रचना ऐकवली, आणि त्यानंतर आकार-जागा यांची कोडी त्यांनी जरा बरी सोडवली. तो परिणाम दहा-पंधरा मिनिटं टिकला. लहान मुलांचा यात संबंधच नव्हता. तरी 'मोझार्ट ऐकवा, बाळ हुशार करा' म्हणून सीड्या विकल्या गेल्या.

2004 साली टोरांटोत सहा वर्षांच्या 144 मुलांवर जरा नीट प्रयोग झाला. वर्षभर गाणं किंवा कीबोर्ड शिकलेल्यांचा बुद्ध्यांक इतरांपेक्षा सरासरी तीनेक गुणांनी जास्त वाढला. पुढच्या काही कडक तपासण्यांत एवढाही फरक टिकला नाही. तेव्हा गणितासाठी गाणं शिकवा असं मी तरी कुणाला सांगणार नाही. गणितासाठी गणित शिकवावं. आणि गणित शिकल्यानं गाणं सुधारतं का, असं कुणी कधी विचारत नाही.

वेळ, आणि शेजारचा वर्ग

वेळ फार लागत नाही. आठवड्यातून एकदा चाळीस मिनिटांपेक्षा रोज पाच-सात मिनिटं जास्त कामाची. गळा आणि कान रोजच्या सवयीनं तयार होतात. हजेरी आहे, परिपाठ आहे, जेवणानंतर पेंगणारा तास आहेच.

शेजारच्या वर्गाची तक्रार मात्र खरी. पत्र्याच्या छताखाली, मधे अर्धी भिंत, पलीकडे चौथीची चाचणी चाललेली. इथं हलक्या आवाजात गाण्याचा नियम परत उपयोगी पडतो. टाळीऐवजी दोन बोटं तळहातावर वाजवायची. बाईंच्या वर्गात आठवड्यातून एक दिवस 'मुका तास' असतो : गाणं मनात चालू ठेवायचं, बाईंनी हात वर केला की सगळ्यांनी पुढची ओळ तिथूनच उचलायची. मुलांना हे भलतं आवडतं. आणि अडतीसपैकी तिसाहून जास्त जण बरोबर जागी उचलतात, हे मी स्वतः बघितलं.

कुणाची गाणी?

या शहरात मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू चारी भाषांच्या शाळा आहेत, आणि मराठी शाळेतल्या एकाच बाकावर या चारी घरांतली मुलं बसतात. कुणाच्या घरी बतुकम्मा या तेलुगू सणाची गाणी, कुणाकडे कानडी वचनं, कुणाकडे भजन, कुणाच्या गल्लीत हलगी आणि लेझीम. पालकांना धास्ती वाटते ती भक्तिगीतांची, आमच्या मुलाला हे कशाला म्हणून. ती धास्ती टाळता येते. अंगाई, जात्यावरची गाणी, मोजणीची, पावसाची, खेळातली गाणी प्रत्येक घरात असतात. मुलाला घरून एक गाणं आणायला सांगा. अर्थ वर्गाला कळला नाही तरी चालतो, चाल कळते. लेझीम तर जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, दिवसांत सांगावीही लागत नाही. ज्यांना सूर नकोसा वाटतो अशा पोरांची लय तिथं दिसते.

मग क्लासला घालायचं का?

मुलाला आवड असेल तर जरूर. पण गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक या पहिल्या परीक्षेची तयारी आणि शाळेतलं संगीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली निवडक मुलांसाठी, दुसरी सगळ्यांसाठी. पोहण्याच्या स्पर्धेत सगळे जात नाहीत, पण पाण्यात पडल्यावर हातपाय मारता यावेत असं प्रत्येकाला वाटतं, तेवढाच हा फरक.

एसटीच्या हॉर्नच्या आईला मी शेवटी फोन केला. घरी गाणं कोण शिकवतं, असं विचारलं. 'त्याचे पप्पा. रात्री कारखान्यातून आले की त्यांच्याबरोबर म्हणतो.' पप्पांचा आवाज कसा आहे, असं विचारल्यावर ती हसायला लागली; भजनी मंडळात खर्जासाठी त्यांनाच बोलावतात म्हणे. मी म्हटलं, आठवडाभर पप्पांना नुसतं ऐकू द्या, आणि याला ताईबरोबर म्हणू द्या. ताई पाचवीत आहे.

आठव्या दिवशी रेकॉर्डिंग आलं. अर्धं सुरात, अर्धं बाहेर. मधे कुकरची शिट्टी, आणि शेवटी ताईचा आवाज : 'परत म्हण बे, पयल्यापासनं.'